वर्कशॉपवाल्या ताईंना विचारा

संपादक म्हणाले, सगळ्या पत्रांना सारखी जागा द्या. ते मला जमणार नाही. काही प्रश्नांना शेडच्या दारात उभ्या उभ्या उत्तर देता येतं, काहींना चहा मागवावा लागतो. पहिल्याच पत्राला चहा मागवते.

प्रश्न : ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. मेकॅनिकल इंजिनिअरिंग होऊन दीड वर्ष झालं, सध्या बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. स्वतःचं काहीतरी बनवायचं आहे, खरं काय बनवावं तेच सुचत नाही. तुम्हाला काजू फोडायचं मशीन कसं सुचलं? सुरुवातीला भांडवल किती होतं? घरचे म्हणतात नोकरी सोडू नको.

उत्तर : (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पत्र तसंच ठेवलंय.)

बाळ, मला काहीच सुचलं नव्हतं. मशीन दारात आलं आणि मी नोकरीला होते तिथल्या मालकांनी ते दारातूनच परत पाठवलं. तिथून माझा धंदा सुरू झाला.

थोडं मागून सांगते. माझं माहेर अनगोळचं. वडील पॅटर्नमेकर. उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, फौंड्र्यांना (ओतकामाच्या कारखान्यांना) लागणारे सागवानी पॅटर्न ते घरच्या पडवीत करायचे. पॅटर्न म्हणजे ओतायच्या भागाचा लाकडी नमुना. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं की थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर लांब. पाचवीत माझी पट्टी हरवली म्हणून मी दप्तरात वडिलांची ती पोलादी पट्टी टाकली. भूमितीच्या तासाला दहा सेंटिमीटरची रेघ काढली. बाईंनी मोजली तर दहा सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटर. पाचही आकृत्या चूक. रडत घरी आले. वडील रंधा खाली न ठेवताच म्हणाले, ‘बाईंची पट्टी बरोबर हाय, माझी पण बरोबर हाय. कशाला मोजतीस ते आधी बघ की.’ तेव्हा मला त्यांचा राग आला होता, कारण छडी मी खाल्ली होती.

1988 साली डिप्लोमा झाला. वर्गात आम्ही दोघीच मुली. मग आठ-नऊ वर्षं पंपाचे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं आणि अमोनिया प्रिंटचा तो वास. अजून कुठे तसा वास आला की मला महिनाअखेर आठवते. तिथे एक दिवस चंदगडचे, म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रातले, एक काजूवाले आले. त्यांच्याकडच्या काजू फोडायच्या मशीनचे पाती धरणारे कास्टिंग (ओतीव भाग) मोडले होते. त्यांना हवे होते सहा नग. आमच्याकडे सहाशेच्या खाली कुणी बोलत नसे. गेटवरून परत निघाले तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर होते. मोडका तुकडा मागून घेतला, डब्याच्या कागदावर मापं उतरवली, रात्री वडिलांना दिली. आठवड्यात सहा नग झाले. ते घ्यायला आल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, ‘अक्का, अख्खं मशीनच करून देता काय?’

भांडवल विचारलंस. प्रॉव्हिडंट फंडाचे एकेचाळीस हजार. त्यातले बावीस एका जुन्या लेथला गेले, बाकी ड्रिलिंग मशीन, वेल्डिंग सेट आणि शेडचं डिपॉझिट. बँकेतल्या साहेबांनी मला तीनदा विचारलं, ‘पण मशीन चालवणार कोण?’ तिसऱ्यांदा मी हाताचे तळवे दाखवले. तरी कर्ज सात महिन्यांनी मिळालं आणि नवऱ्याची सही लागलीच.

आता मुद्दा. 1998 च्या हंगामात पाच मशीनं दिली. काजू फोडणं कसं असतं ते ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. बी वाफेवर उकडतात, दिवसभर पसरून गार करतात, मग फोडणीला बसतात. मशीन म्हणजे टेबलावर बसवलेली दोन पाती. बीच्या कडेला जसा बाक तसाच पात्यांना. डाव्या हाताने बी पात्यांमध्ये धरायची, पायाने पेडल दाबलं की पाती टरफलात रुततात, उजव्या हाताने दांडा फिरवला की टरफल उकलतं. पातं जरा जास्त आत गेलं की गर चिरला. बाजारात 320 नंबरचा काजू म्हणतात ना, तो म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर. चिरला की तो त्या हिशेबातून गेला, पाकळीत नाहीतर तुकड्यात पडला, आणि भाव उतरला. टरफलातलं तेल तर डांबरासारखं, कातडी सोलून काढतं. म्हणून बायका हाताला एरंडेल नाहीतर राख चोपडून बसतात.

मे महिन्यात टेम्पोतून एक नग परत आला. चिठ्ठी नाही, काही नाही. ड्रायव्हरने निरोप दिला : ‘बायका यावर बसत नाहीत म्हणे.’

मी मशीन सुटं केलं, एकेक भाग ड्रॉइंगशी ताडून पाहिला. सगळी मापं बरोबर. दोन दिवस मी त्या काजूवाल्यांना मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी एसटीने चंदगड गाठलं आणि उरलेली चार मशीनं जिथे चालत होती तिथे जाऊन एका कोपऱ्यात बसले.

पहिल्या मशीनच्या दांड्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, तेलाने काळी पडलेली. दुसऱ्याच्या पेडलावर गोणपाटाची चौपदरी घडी सुतळीने बांधलेली. तिसऱ्याला माझ्या स्प्रिंगच्या जोडीला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. आणि चारही ठिकाणी, मोकळ्या पायाखाली एकेक वीट.

दांडा मी 20 मिलिमीटरचा दिला होता, का तर तो बार बाजारात सहज मिळतो. चिंधीवर व्हर्नियर लावून पाहिलं : 31, 33, 32. बायका हसायला लागल्या. ‘अक्का, चिंधीचं पण माप घेतीस काय?’ घेतलं. पेडलाची उंची मी पुस्तकातल्या माणसाच्या मापाने ठरवली होती. तो माणूस पुरुष, चांगला उंचापुरा. मी स्वतः पाच फूट एक इंच, म्हणजे त्या बायकांएवढीच. पण ड्रॉइंग बोर्डापुढे बसले की मी पण तो पुस्तकातला माणूसच होत होते. स्वतःच्या पायाला एकदा विचारलं असतं तरी भागलं असतं.

पुढच्या मशीनचा दांडा 32 चा झाला. पेडलाला तीन भोकं दिली, तीन उंचींसाठी. स्प्रिंग बदलली. विटेच्या जागी पावठा आला. मशीन एकशेऐंशी रुपयांनी महागलं आणि त्या वर्षी बारा विकली गेली. माहितीपत्रकात एकही अक्षर ठेवलं नाही, नुसती चित्रं. कारण मालक मराठी, मुकादम कन्नड, आणि बसणाऱ्यांत कुणाला वाचता येतं, कुणाला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही कारखान्यात, शेतात, स्वयंपाकघरात गेले की आधी चिंधी शोधते. माणसाने यंत्राला काहीतरी बांधलंय, खाली काहीतरी सरकवलंय, फटीत पुठ्ठा कोंबलाय, तिथे यंत्र करणाऱ्याचं चुकलेलं असतं आणि वापरणाऱ्याने ते फुकटात दुरुस्त करून दिलेलं असतं. आपण फक्त माप घ्यायचं.

तुला काय बनवावं ते मी सांगणार नाही. पण तुझ्याच तालुक्यात भात आहे, रताळी आहेत, काजू आहे. रताळी काढताना कोयत्याच्या मुठीला काय बांधतात ते बघितलंस कधी? आणि तू क्वालिटीला आहेस, म्हणजे रिजेक्शनचा ढीग रोज तुझ्यासमोर येतो. पगार घेऊन तो ढीग बघायला मिळतोय तोवर बघ. दोन वर्षं तरी. घरच्यांना एवढं पुरेल.

कर्जाचं म्हणशील तर माझ्या वेळेपेक्षा आता सोय बरी आहे. पीएमईजीपी नावाची केंद्राची योजना आहे. कारखानदारीला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग वगैरेंना 35 टक्के. मात्र हे अनुदान नवीन उद्योगालाच आहे. आधी धंदा सुरू करून मग अर्ज करशील तर हाती काही लागणार नाही.

प्रश्न : आम्ही निपाणीत विड्या वळतो. मुलीने एक सूप तयार केलंय. मांडीवर बसेल असा बाक, पानं, तंबाखू आणि दोरा यांना वेगळे कप्पे, कात्री अडकवायला खाच. मान दुखायची कमी झाली. शेजारच्या पाच-सहा जणींनी मागितलं. एक जण म्हणाला, पेटंट घेऊन ठेवा नाहीतर लोक चोरतील. पेटंट कसं घ्यायचं? फोटो सोबत पाठवते. हेच फोटो आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर पण टाकले आहेत.

उत्तर : मावशी, सूप सुरेख आहे. खाच डाव्या बाजूला का ठेवली ते मुलीला विचारा आणि मला कळवा, मी बराच वेळ फोटो उलटासुलटा करत बसले होते.

शेवटचं वाक्य वाचून मात्र धस्स झालं. पेटंट असो की डिझाइनची नोंदणी, दोन्हीला वस्तू अर्जाआधी जाहीर झालेली नसावी लागते. गटात किती बायका आहेत, फोटो पुढे कुठे गेले, यावर बरंच अवलंबून आहे. आधी ते फोटो काढून टाका आणि एखाद्या जाणकाराला कागद दाखवा. जिल्हा उद्योग केंद्रात विचारलं तर वाट सांगतील.

दोन्हींतला फरक असा. पेटंट कामाच्या नव्या युक्तीला, मुदत 20 वर्षं. डिझाइन नोंदणी वस्तूच्या दिसण्याला, आकाराला, ठेवणीला. मुदत 10 वर्षं, पुढे 5 वाढवून मिळतात. तुमच्या सुपात कप्पे आणि बाक यांच्या ठेवणीचं काम जास्त दिसतं, म्हणून मी आधी डिझाइनचं बघेन. एकट्या माणसाला त्याची अर्जाची फी 1000 रुपये आहे, पेटंटच्या ऑनलाइन अर्जाची 1600. खर्च वकिलाचा असतो, सरकारचा नव्हे. पेटंटला आधी कच्चा अर्ज टाकून तारीख पकडता येते आणि पुढचे बारा महिने पक्क्या अर्जाला मिळतात. गंमत बघा, कर्नाटकातला पेटंटचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयाच्या हद्दीत येतो, महाराष्ट्रातला मुंबईच्या. म्हणजे मी इथून चेन्नईकडे बघायचं आणि माझ्याकडून लोखंड नेणाऱ्या शिनोळीच्या माणसाने मुंबईकडे. (शिनोळीवरून आठवलं. चंदगड तासाभरावर, पण नाका ओलांडला की परराज्यातली विक्री, केंद्रीय विक्रीकर आणि सी फॉर्म. त्या फॉर्मांमागे मी जेवढ्या खेपा घातल्या तेवढ्यात आणखी दोन मशीनं झाली असती. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि आमच्या मालापुरता सी फॉर्म गेला. जीएसटीबद्दल उद्यमबागेत चांगलं बोलणारी मी एकटीच असेन.)

चोरीचं म्हणाल तर माझंही मशीन चोरीला गेलं. दुसऱ्याच वर्षी एका शेडमधून हुबेहूब माझ्यासारखी मशीनं निघाली. मी एक विकत आणलं. पायाच्या पट्टीवर मी ड्रिल चुकून एक जादा भोक पाडलं होतं, त्याचा काहीच उपयोग नव्हता, पाच नगांत ते तसंच गेलं होतं. त्या पठ्ठ्याने ते भोकसुद्धा घेतलं होतं, मापासकट! मी भांडायला गेले नाही. माझ्याकडे नोंदणीचा कागद नव्हता, भांडणार कशावर? तोवर माझ्या मशीनचा दांडा 32 चा झाला होता, त्याचा 20 चाच राहिला. दोन हंगामांनी त्याने पिठाच्या गिरणीचे भाग करायला घेतले. पण हे माझं नशीब म्हणून सोडा. त्याने नवीन मशीन बघून केलं असतं तर मी आज हा स्तंभ लिहीत नसते. तुम्ही कागद करा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, राहणार टिळकवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या बेळगावचे, पण कारखाना कुंडलला गेला आणि नाव किर्लोस्करवाडीचं झालं. बेळगाव हातातली माणसं घालवतं, असं आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नात उत्तर आधीच बसलंय. पण मी जरा वेगळीकडून येते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे कळलं की रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकला सुटली, हात मात्र यांत्रिक ड्रॉइंगकडे वळला आणि पुढे मुंबईतल्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ते तोच विषय शिकवू लागले. 1888 मध्ये भावासोबत, रामूअण्णांसोबत, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा इथे विकायचे आणि वर चालवायलाही शिकवायचे. हे शेवटचं मला फार आवडतं. वस्तू दिली आणि मोकळे झालो, असं नाही. गिऱ्हाईक पडतं कुठे तेही बघायचं. त्या दुकानाची आठवण म्हणून किर्लोस्कर रोड आपल्या रोजच्या तोंडात आहे, पण तिथून जाताना सायकल कुणाला आठवते?

मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. सर, मला कारखाना गेल्यापेक्षा ही दोन वर्षं जास्त छळतात. दोन वर्षं रोज सकाळी वर्कशॉप उघडायचं आणि तो नांगर तिथेच! माझं एक मशीन सात महिने पडून होतं तर मी त्याच्यावर कापड टाकलं होतं, दिसू नये म्हणून.

नगरपालिकेने जागा सोडायला लावली हे खरं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला, 10 हजार रुपये बिनव्याजी दिले आणि 1910 मध्ये वाडी उभी राहिली. पण त्या माळावर गेलं ते काय? इथे शिकलेले हात गेले, इथे सोसलेली दोन वर्षं गेली. बेळगावने घालवलं म्हणा, हवं तर. मी म्हणते बेळगावने तयार करून दिलं आणि भाडं मात्र मागितलं. ते आजही मागतात, माझ्या शेडचं गेल्याच महिन्यात वाढलं.

आणि सगळंच गेलं असं नाही हो सर. उद्यमबाग, मच्छे फिरून या. फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्सचं काम आहे, पलीकडे हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. तुमच्याच वर्गातले चार-दोन विद्यार्थी तिथे कळकट हातांनी भेटतील. त्यांना नमस्कार करायची लाज वाटते, एवढंच.

प्रश्न : हुक्केरी तालुक्यात माझं छोटं टर्निंगचं काम आहे. एका मोठ्या कारखान्याकडे चार महिन्यांचं बिल अडकलंय. मागितलं तर काम बंद करतील अशी भीती. काय करावं?

उत्तर : उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, आहे का? नसेल तर आज करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, कुणा एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी, 45 दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2006 चा कायदा आहे. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकता येते. शिवाय 2024 पासून आयकरात अशी तरतूद आली आहे की वेळेत न दिलेल्या बिलाचा खर्च, पैसे प्रत्यक्ष ज्या वर्षी दिले त्याच वर्षाच्या हिशेबात धरता येतो. म्हणून मालकाकडे न जाता त्यांच्या अकाउंटंटकडे मार्चच्या आधी जा, उद्यमचा दाखला हातात घेऊन. भांडायचं नाही, नुसता दाखला टेबलावर ठेवायचा आणि हवापाण्याचं बोलायचं. माझी तीन बिलं अशी सुटली. चौथं अजून अडकलंय, तेव्हा मी काही फार शहाणी नाही.

आणि एकाच गिऱ्हाइकावर शेड चालवू नका, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते.

प्रश्न : डिझाइन शिकतोय. थ्री-डी प्रिंटर घेऊ का?

उत्तर : घे. वडिलांना एका पॅटर्नला आठवडा लागायचा, तुझा नमुना रात्रीत निघेल. मात्र निघालेला नमुना कपाटात ठेवू नकोस, ज्याच्यासाठी केलास त्याच्या हातात दे आणि तोंड बंद ठेवून बघत राहा. आणि प्रिंटरवर गोलाई फुकट निघते, ओतताना निघत नाही. वडील म्हणायचे, ‘कागदावर गोल मारायला काय पैसे पडत नाहीत, खरं भट्टीत पडतात.’

प्रश्न : ताई, मी कणकुंबीकडची. काजू फोडायला जाते, सोळा वर्षं झाली. तुमच्याच मशीनवर बसते, खाली तुमच्या शेडचं नाव आहे. मी डावरी. दांडा उजवीकडे, त्यामुळे माझी बी धरायची बोटं नको तिथे जातात, दोनदा कापून घेतलंय. मशीन उलटं फिरवून बघितलं, मग पेडल पलीकडे जातं. सध्या दांड्याला दोरी बांधून डाव्या हाताने ओढते. मुकादम म्हणतात सवय कर. डाव्या हाताचं मशीन तुम्ही करता का? हे पत्र भाचीने लिहून दिलंय.

उत्तर : नाही. करत नाही.

हे पत्र मी चार वेळा वाचलं. सत्तावीस वर्षं झाली, साडेआठशेच्या वर मशीनं गेली, आणि त्यातलं एकही डाव्या हाताचं नाही. तुम्ही पहिल्या असाल असं मला वाटत नाही. तुम्ही पहिल्या आहात ज्यांना लिहून देणारी भाची होती. गावोगाव फिरून मी चिंध्या बघितल्या, दोरी माझ्या नजरेला कशी पडली नाही? पडलीही असेल. बहुधा मुकादमाने काहीतरी टांगलंय असं समजून मी पुढे गेले असेन.

नुसता दांडा डावीकडे लावून भागणार नाही, हे कालपासून कागदावर मांडून बघतेय. पात्यांचा बाक आरशातल्यासारखा उलटा करावा लागेल, म्हणजे पॅटर्न नवीन. स्प्रिंगची ओढ उलटी. पेडल मात्र आहे तिथेच राहील असं वाटतं, पण वाटण्यावर मी आता ड्रॉइंग करत नाही. तुम्ही कोणत्या पायाने दाबता ते पत्रात लिहिलेलं नाही.

उद्यमबागेत कुठल्याही चहावाल्याला ‘काजूवाल्या अक्का’ विचारा, शेड दाखवतील. शनिवारी या. जांबोटीवरून येणाऱ्या बसचं जाण्यायेण्याचं भाडं आणि तुमचा बुडालेला रोज मी देईन. येताना तुमचं बसायचं स्टूल घेऊन या, आणि ती दोरी सोडू नका. आहे तशी, गाठीसकट आणा.